भिंतीवरचा पांढरा केस

मी शाळेत मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. शिपाई सांगत आला की ऑफिसात फोन आहे, अंधेरीहून. अंधेरीहून मला शाळेत फोन करणारं माणूस एकच, माझी आई, आणि तीही गावठाणातल्या वाण्याच्या दुकानातून, काही तसंच असल्याशिवाय करत नाही. रिसीव्हर कानाला लावला. ती म्हणाली, "इझाबेल गेली गो." आई नेहमीसारखी सकाळी चहा घेऊन तिच्याकडे गेली, हाक मारली, परत मारली… झोपेतच गेली होती इझाबेल मावशी. त्यावर मी जे पहिलं वाक्य बोलले, ते ऐकून आमच्या हेडक्लार्क बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "गिटार कुठे आहे?" माणूस गेल्याचं कळल्यावर विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. "आसा," ती म्हणाली. "काल दुपारीच तिना जागा बदलल्यान. भायरल्या भिंतीकडसून काढून कपाटात ठेवल्यान." हे ऐकलं आणि मग मला रडू आलं.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. मुलुंडच्या आमच्या घरी बसून हे लिहिते आहे, आणि ज्या बाईला गिटारवर एक साधं गाणं वाजवता येत नव्हतं, तिच्या आठवणी सगळ्या गिटारच्याच भोवती का आहेत, ते सांगायचा प्रयत्न करते आहे.

इझाबेल मावशी आमची घरमालकीण. अंधेरीच्या पूर्वेला मरोळच्या बाजूचं जुनं गावठाण, त्यात तिचं कौलारू घर, आणि मागच्या बाजूला आमची भाड्याची खोली. ती ख्रिस्ती, इथली मूळची, तिचे आजे-पणजे इथेच भात लावत होते. आम्ही सावंतवाडीकडचे, वडील परळला गिरणीत. ती तिच्या मराठीत बोलायची, आई मालवणीत, आणि भांडणसुद्धा दोघींचं नीट समजून-उमजून व्हायचं. मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत मॅट्रिकच्या पुढे गेलेलं पहिलं माणूस मी, आणि हे मी आजही छाती पुढे काढूनच सांगते. निकालाच्या दिवशी आईनं देवापुढे साखर ठेवली आणि मावशीनं वेशीवरच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावली. त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारणं सोडलं. गावठाणात कोणीही भेटलं की म्हणायची, "ही आमची बीयस्सी." वर डोळे मिचकावून, "काय अडलं तर हिला विचार. हिला नाय आलं तर मंग देवाला."

मेल्विन तिचा एकुलता एक. माझ्याहून थोडा मोठा. त्याचे वडील बोटीवर होते, ते मेल्विन शाळेत असतानाच गेले. जाण्याआधीच्या शेवटच्या फेरीत त्यांनी परदेशातून त्याच्यासाठी गिटार आणली होती. मधाच्या रंगाची, पातळ लाकडाची, बोटानं टिचकी मारली तर कितीतरी वेळ आतून घुमत राहणारी. मेल्विन चर्चच्या क्वायरमध्ये ती वाजवायचा, लग्नांत वाजवायचा, आणि संध्याकाळी ओट्यावर बसला की आमच्या वडिलांसारखा भजनी माणूससुद्धा पाटावर ठेका धरायचा. पण ओट्यावर बसून घर चालत नाही. एके वर्षी त्याला बहरीनला नोकरी लागली. जाताना त्यानं गिटार आईच्या पलंगावर ठेवली आणि म्हणाला, "मम्मी, ही इथंच राहू दे. येतोच मी दोन वर्षांत. जरा सांभाळ." सांभाळ म्हणाला, पण कशी सांभाळायची ते काही सांगून गेला नाही. त्यालाही बहुधा माहीत नव्हतं. रोज वाजणाऱ्या वाद्याला कोणी जपत नाही, ते आपोआप जपलं जातं.

त्या काळात आखातात गेलेल्या मुलांच्या घरी पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त यायच्या. तिकडून मुलगा बोलून पाठवणार, इकडून सगळं घर मायक्रोफोनपुढे बसून खाकरणार. मावशीची कॅसेट ठरलेली असे. आधी रविवारी चर्चात मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, कोण आलं, कोण नाही, मग कोंबड्या, मग आमची आई पुढे येऊन "मेल्विना, जेवतस मा रे?" एवढं बोलून पळून जाणार, आणि शेवटी गिटार. मावशी ती मांडीवर आडवी घ्यायची आणि अंगठ्यानं एकेक तार छेडायची. वरून खाली, सहाही. मध्ये जरा थांबून, जसं काही पोराला औषधाचे चमचे देते आहे. मग म्हणायची, "ऐकलंस? बरी हाय ती." त्याचं उत्तर महिन्याभरानं यायचं. "मम्मी, तिसरी तार उतरलीय, जरा पीळ." मावशी पिळायची. पुढच्या कॅसेटीत, "अगं आता जास्त झाली." एकदा तर सहाही तारा उतरल्या म्हणून त्यानं कळवलं, मावशीनं सगळ्या ताणल्या, आणि पहिली तार फाडकन तुटून तिच्या गालाला लागली. मग मी बघितलं, तर आमच्या टेपरेकॉर्डरची मोटर बिघडलेली. रेकॉर्ड करताना फीत जोरात फिरत होती, ऐकताना त्याला काहीतरी भलतंच ऐकू येत होतं. मी शाळेच्या लॅबमधून ट्यूनिंग फोर्क आणला, ठोकला की कायम एकाच सुरात वाजणारा, आणि सांगितलं, आधी हा वाजवायचा, मग तारा. म्हणजे फरक त्याला कळेल. मावशीनं तो चिमटा उलटसुलट करून बघितला. "यवढी शिकलीस आनि शाळेनं तुला काटाचमचा दिला, त्यातला पन अर्धाच." तरी त्यानंतर तिनं तो एकदाही चुकवला नाही.

पहिला पावसाळा आला तेव्हा खरी काळजी सुरू झाली. आमच्या त्या भागात जुलैत मिठाचं पाणी होतं, आगपेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव येते. गिटारच्या तारांवर गंज धरला, पुढचं लाकूड मध्ये फुगल्यासारखं दिसू लागलं आणि तारा इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबताना मावशीचं बोट दुखायचं. तिच्याकडे उपाय होता. तिच्या चुलीवर एक बांबू आडवा टांगलेला असे, त्यावर सुके बोंबील, कांद्यांच्या माळा. पावसात जे जे टिकायला हवं ते ते त्या बांबूवर. गिटारही तिथे चढली. टिकली, यात शंका नाही. पण सप्टेंबरात खाली काढली तर तिला असा वास, की क्वायरमधल्या पोरांनी एका रविवारसाठी ती मागून नेली आणि मिस्सा संपायच्या आत परत आणून दिली. "मावशी, झकास वाजते, पण उपास मोडतो," म्हणाली.

खरा घोटाळा झाला तो पुढच्या मे महिन्यात. मे म्हणजे आमच्या गावठाणात मसाल्याचे दिवस. अंगणाअंगणात चटया पसरायच्या, त्यावर मिरच्या, हळद, धणे, आणि बायका उन्हातून हात घालून ते वरखाली करणार. हा मसाला मग कुटून काचेच्या बाटल्यांत गच्च भरायचा, तो वर्ष काढतो. त्याच उन्हात गाद्या निघतात, पापड निघतात, आमच्या आईचे कोकम निघतात. पावसाच्या आधी ज्याला ऊन दाखवलं ते सडत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. मावशीनं त्याच हिशेबानं गिटार अंगणात आणली, मिरच्यांच्या शेजारी चटईवर पालथी निजवली आणि कावळ्यांसाठी वर काळं फडकं बांधलं. मी स्वतः ते बघितलं, आणि मलाही त्यात काही चूक वाटली नाही. दुपारी आम्ही सगळ्या ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत बसलो होतो. अंगणातून कड असा आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा. आईला वाटलं कौल तडकलं. मावशी मात्र देठ टाकून धावली. गिटारच्या पाठीवर, मधोमध, बोटभर लांब चीर गेली होती, आणि मिरचीच्या हातांनी ती चीर चाचपून बघत मावशी चटईवर बसली होती.

मी तिला म्हटलं, "मावशी, सांधता येईल. लाकूडच आहे." ती म्हणाली, "तिकडे त्याला पगार हाय, खोली हाय, थंड हवेचं मशीन हाय. इकडे काय हाय त्याचं? मी हाय, तर मी किती दिवस? बापाची ही येक वस्तू हाय… ही गेली तर तो परत कशाला येल गो?" तोवर मी समजत होते की तिला मुलाची अमानत म्हणून काळजी आहे. त्या दिवशी कळलं की तिनं मुलाचं परतणं या लाकडाला बांधून ठेवलंय. आईनं तिच्या हातावरचं तिखट धुवायला ताक आणलं, आणि मावशी ताकात हात बुडवून मुकाट रडली.

क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवणारे एक अंकल होते, ते जुनी वाद्यं सांधायचेही. त्यांनी सरस भरून चीर बसवली. परत देताना म्हणाले, "बाई, हा पापड नाही. फार ओल झाली तरी फुगते, फार सुकली तरी फाटते. मधोमध ठेवा." मावशीनं विचारलं, मधोमध म्हणजे कुठे? अंकल हसले, म्हणाले, ते तुम्ही बघा. घरी येताना मावशी वाटभर तेच म्हणत होती. "मधोमध म्हंजे कंय? पेजेला मीठ किती ते जिभेला कळतं. हवेला जीभ कोन लावील?"

आणि तिथे मला माझं फिजिक्स आठवलं. पुस्तकात एक परिच्छेद होता, परीक्षेला कधी न येणारा. माणसाचा केस हवेत ओल वाढली की किंचित लांब होतो, हवा सुकली की आखडतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकंच, पण त्याला एक काटा जोडला तर दिसतं. मी म्हटलं, करून बघू. मावशीच्या घरातली एक फळी घेतली. वर खिळा, खिळ्याला केस बांधायचा, खाली तो केस शिवणाच्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला एक वेढा देऊन न्यायचा, आणि टोकाला वजन म्हणून मासे पकडायच्या जाळीतला शिशाचा मणी. रीळ सुईवर फिरतं, रिळाला खराट्याची काडी चिकटवलेली. केस लांबला की मणी खाली जातो, रीळ फिरतं, काडी उजवीकडे सरकते. आखडला की डावीकडे. मी माझाच केस उपटला, बांधला, आणि आम्ही तिघी समोर पाट मांडून बसलो. काही नाही. ओला टॉवेल आणून शेजारी धरला. काही नाही. मावशीनं चुलीवरचं आधण आणून ठेवलं. आमचे तिघींचे चेहरे घामानं निथळले, काडी ढिम्म. "बीयस्सी," मावशी म्हणाली, "मेली काय ग तुजी काडी?" मग आईचा केस लावला. तोही तसाच. मग मावशीचा. तोही.

दोन दिवस मी पुस्तक उलटं-सुलटं केलं. कारण सापडलं ते पुस्तकात नाही, आईच्या हातात. संध्याकाळी ती मला पुढ्यात बसवून डोक्यावर खोबरेल थापत होती, रोज थापायची तसं, आणि मी एकदम तिचा हात धरला. पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात बायका डोक्याला तेल लावत नसणार! आमच्या त्या सगळ्या घरात, मागे-पुढे, तेल न प्यायलेला एक केस नव्हता. लहानपणापासून मुरवलेल्या त्या केसांत ओल शिरणार कुठून?

मावशी शनिवारी रिठ्यानं न्हायची, रविवारच्या मिस्सासाठी. त्या शनिवारी तिनं दोनदा रिठे लावले, मग अंगाचा साबण, मग मी लॅबमधून आणलेल्या स्पिरिटनं एक लांब केस पुसून काढला. पूर्ण पांढरा, कमरेपर्यंतचा, उन्हात धरला की चमकणारा. तेव्हा आई मध्ये पडली. केस कापले की जाळायचे किंवा पुरायचे, दुसऱ्याच्या हाती लागू द्यायचे नाहीत, हे तिच्या रक्तात. "केस कोणाक देवचे नसतत गो," ती मावशीला म्हणाली, "आणि भिंतीक तर टांगूचेच नसतत. वायट असता."

"कोन करनार माझ्यावर करनी? तू?" मावशी म्हणाली.

"मी कित्याक करतलंय? भाडा वाढवलंस तर बघूया."

मावशी इतकी हसली की केस हातातून सुटला आणि तो शोधायला आम्ही सगळी खोली पालथी घातली. शेवटी बांधला. ओलं फडकं शेजारी धरलं आणि काडी हलली. हळूच, कोणी झोपेत कूस बदलावी तशी, उजवीकडे. मावशी उठली आणि तिनं छातीवर क्रूस केला. मग आम्ही फळी एका पेटीत बंद केली, सोबत ओलं कापड ठेवून एक खूण केली, भाजून थंड केलेले तांदूळ ठेवून दुसरी. मी एका टोकाला "ओल" लिहिलं, दुसऱ्या टोकाला "सुकं", आणि मध्ये हिरव्या खडूनं एक पट्टा रंगवला. म्हटलं, मावशी, हे तुमचं मधोमध.

मग त्या घरात एक नवीच शिस्त सुरू झाली. सकाळी उठल्यावर मावशी आधी क्रुसाला, मग काडीला बघणार. काडी ओलीकडे गेली की गिटार पावसाच्या झडीच्या भिंतीपासून लांब, कपाटात, आणि कपाटात एक छोटा बल्ब पेटता, पण हातभर दूर. सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा सुटून काडी सुक्याकडे झुकली की बल्ब बंद, आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळलेलं ओलं फडकं, ती डबी गिटारच्या शेजारी. पाणी गळता कामा नये, नुसती ओल. चुलीवर नाही, उन्हात नाही, जमिनीवर नाही. आणि रोज थोडं वाजवायचं. मावशीला एवढंच येई, सहा तारा, वरून खाली. पण ती ते न चुकता करी. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, "गाय वाजवतं काय कोन? तरी पान्हा फुटायच्या आदी हात फिरवतोच ना आपन."

माझं लग्न होऊन मी मुलुंडला आले. गिरणीचा संप झाला, वडील घरी बसले, मग तेही गेले, आणि आई त्याच खोलीत राहिली कारण तिला मावशीला सोडवेना. मी पवईवरून बसनं यायची, आणि दारात पाऊल टाकण्याआधीच मावशी मला आत ओढून काडीसमोर उभी करायची, डॉक्टरपुढे करावं तसं. मेल्विनची दोन वर्षं संपली, मग आणखी दोन. कॅसेटी येत होत्या, पण आता एका बाजूला त्याचं बोलणं आणि दुसरी बाजू कोरी. आणि एकदा, मी तिथे असतानाच, कॅसेट लावली तर तो म्हणाला, "मम्मी, ती जुनी गिटार विकून टाक ना यार. कशाला सांभाळतेस. मी इथं नवीन घेतलीय, फर्स्ट क्लास." पुढे तो काय बोलला ते आम्ही कोणी ऐकलं नाही. मावशीनं बटण दाबून टेप बंद केली. आई म्हणाली, "पोरग्यांचा काय, बोलतत." त्या आठवड्यात मावशीनं जी कॅसेट भरली, तिच्या शेवटी तेच होतं. काटाचमचा, मग सहा तारा, वरून खाली. आणि "ऐकलंस? बरी हाय ती." त्याच्या बोलण्याचा उल्लेखही नाही. मला वाटलं होतं ती चिडेल किंवा खचेल. तसं काहीच झालं नाही… ती दर महिन्याला त्याला तेवढंच कळवत राहिली.

मग कधीतरी, त्या वर्षाच्या अखेरीला असेल, एक कॅसेट आली आणि आईनं मला निरोप धाडला की ये, मावशीला तू हवी आहेस. गेले तर मावशी दारात उभी, गाल लाल. टेप लावली. मेल्विनचा आवाज जरा ओशाळलेला. "मम्मी, माझी नवीन गिटार फुटली. काही केलं नाही गं मी. एसीच्या खोलीत ठेवली होती, एक दिवस बघितलं तर पुढनं मोठी चीर, आणि दांड्यावरच्या पितळी पट्ट्यांची टोकं बाहेर आलीत, हात कापतो. इथं एक जण म्हणतो सुकली. मम्मी… आपली जुनी कशी काय टिकली गं? पावसात, त्या घरात? काय करतेस तू?"

मावशीला त्या गिटारचं वाईट वाटायला हवं होतं. तिनं तोंडावर पदर धरला होता, आणि पदराआड ती हसत होती. "गरीब बिचारी फुटली," म्हणाली, आणि परत हसली. त्या दिवशी तिनं कॅसेटची एक पूर्ण बाजू भरली. माझ्याकडे वळून वळून विचारत होती, बरोबर ना गो? पण तिला विचारायची गरज नव्हती. साबणाची डबी, फडकं किती पिळायचं, मशीनच्या वाऱ्यासमोर ठेवायची नाही, वाजवून झाली की उघडी टाकायची नाही, पेटीत ठेवायची. आणि केसाचं यंत्र कसं करायचं ते. "डोक्याला तेल लावतोस काय तिकडे? लावत असशील तर दुसऱ्याचा केस घे." गायीवर हात फिरवायचं तेवढं सांगितलं नाही. पुढच्या कॅसेटीला दोन्ही बाजू भरलेल्या आल्या. त्यानं नवी गिटार सांधून घेतली होती, फळीवर एका मित्राचा केस लावला होता, आणि तो मित्र रोज विचारत होता की आज माझी तब्येत कशी आहे. त्यानंतर कॅसेटी पुन्हा लांब झाल्या. मायलेकांना बोलायला विषय मिळाला होता.

तो आला तो भर श्रावणात, न कळवता. मावशी म्हणे काडी बघत होती, आणि मागून आवाज आला, "ओल आहे की सुकं?" मी दुसऱ्या दिवशी पोचले. बाहेर मुसळधार, ओट्यावर छत्र्यांचं तळं झालेलं, काडी उजव्या टोकाला टेकायला आलेली. मेल्विननं कपाट उघडलं, बल्बच्या उबेतून गिटार काढली, पाठीवरची चीर बोटानं चाचपली. "हे काय गं मम्मी?" मावशी म्हणाली, "मिरच्यांबरोबर वाळवली." मग त्यानं तारा जुळवल्या. फारशा जुळवाव्या लागल्याच नाहीत. आणि वाजवायला लागला, क्वायरचं एक जुनं गाणं, हळू. मावशी पलंगाच्या कडेला बसली होती, आईनं तिचा हात धरला होता. गाणं संपलं तेव्हा मावशीनं एवढंच विचारलं, "बरी हाय ना ती?" तो म्हणाला, "तुझ्याहून बरी आहे." तेव्हा तिचे पाय सुजलेले होते, आणि त्यानं ते आल्याबरोबर बघितलं होतं.

तो परत गेला, करार पुरा करायला, आणि मग कायमचा आला. का आलास, असं मी त्याला एकदा सरळ विचारलं होतं, मला आडून विचारता येत नाही. म्हणाला, "गिटारसाठी कोण येतं का गं, वेडी. आईसाठी आलो. पण ती दर महिन्याला सहा तारा ऐकवायची ना, त्यामुळे घर बंद पडलंय असं कधी वाटलंच नाही." आता पुढच्या खोलीत त्याचा क्लास चालतो. गावठाणातली मुलं येतात, समोरच्या नव्या इमारतींतली येतात, त्यांत परकर-पोलक्यातल्या मुलीही असतात हे मला विशेष आवडतं. प्रत्येकाला पहिल्या दिवशी मावशीपुढे बसावं लागे. ती प्रत्येकाला एक साबणाची डबी द्यायची, भोकं पाडलेली, आणि म्हणायची, "आदी हिला पानी पाजायला शिक. मंग वाजव."

त्या सकाळी आईनं हाक मारली तेव्हा मेल्विन ओट्यावर दाढी करत होता. घर दिवसभर माणसांनी भरलेलं. संध्याकाळी, मावशीला कबरीत ठेवून आल्यावर, मी एकटी तिच्या खोलीत गेले. पलंगावर चादर नव्हती. भिंतीवर फळी होती. इतक्या माणसांचे श्वास, ओले रुमाल, मेणबत्त्या… काडी हिरव्या पट्ट्याच्या बाहेर, ओलीकडे गेली होती. मी कपाटातला बल्ब लावला आणि मग बाहेर आले.

गेल्या रविवारी तिच्या महिन्याची मिस्सा होती, जरा उशिरानं झाली. जेवणं झाल्यावर मेल्विन, मी आणि आई त्या खोलीत बसलो होतो. मेल्विन म्हणाला, "अलीकडे काडी जरा चुकते. बाहेर ऊन असतं आणि ही ओल दाखवते." मी बघितलं. कारण मला माहीत होतं. केस वर्षानुवर्षं लांबतो-आखडतो, मग थकतो, ताणलेलाच राहतो. शास्त्राप्रमाणे तो बदलायला हवा. मी तसं म्हणाले. आई उठली आणि फळीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हीच ती बाई, जिनं केस भिंतीला टांगू नये म्हणून भांडण केलं होतं. "हात लावलास तर बघ," ती मला म्हणाली. "बीयस्सी असशीत तुझ्या घरात."

मी बसून विचार केला. केस चुकत नव्हता. तो त्याच्यापरीनं हलतच होता, फक्त आमच्या खुणा त्याच्यामागे राहिल्या होत्या. मग मी मेल्विनला खडू आणायला सांगितला. आईनं चुलीवर तांदूळ भाजले, थंड केले. ते फळीसोबत पेटीत बंद केले आणि काडी थांबली तिथे नवीन "सुकं" लिहिलं. मग फळी परत भिंतीला, आणि शेजारी ओलं फडकं. आम्ही तिघं पाट घेऊन समोर बसलो, पहिल्या वेळी बसलो होतो तसेच, फक्त मावशीच्या पाटावर मेल्विन. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खिडकीतून आलेल्या उजेडात तो पांढरा केस चमकला, शिशाचा मणी अगदी जरासा खाली उतरला, आणि काडी उजवीकडे सरकू लागली. आई म्हणाली, "बघ, हलली." मी तिथे खूण केली, "वल" लिहिलं, मावशी म्हणायची तसं, आणि दोहोंच्या मध्ये हिरवा पट्टा नव्यानं रंगवला.